मोजणीचा शिरा

"आणि शिरा?"

सिस्टर रूथ गवईने माझ्या तीनपुडी डब्याचा खालचा पुडा उघडून पाहिला. त्यात दोडक्याची भाजी होती. मधल्यात पोळ्या, वरच्यात लोणचं. तिने तिन्ही पुडे पुन्हा तपासले, जणू शिरा पोळ्यांखाली लपून बसला असेल.

"नाही केला," मी म्हटलं.

"मोजणी झाली ना?"

"झाली. सकाळी येता येता पाकीट पोस्टात टाकलं."

"मग?"

"रव्यात अळ्या झाल्या होत्या."

सिस्टर रूथने डॉक्टर खेडकरांकडे पाहिलं. खेडकरांनी ताटाकडे पाहिलं. "असू द्या जी, असू द्या," ते म्हणाले, आणि कोणी गेल्याची बातमी आल्यावर माणसं जेवतात तसे मान खाली घालून जेवू लागले. मला भूक होती. मी दोडक्याची भाजी सगळी संपवली. तेही त्यांनी पाहिलं असणार.

ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वऱ्हाडातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी संख्याशास्त्राचं काम करत होते. दवाखान्यात संख्याशास्त्रज्ञ कशाला लागतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. मला सगळे 'आकडेवाली बाई' म्हणत. माझे सासरे तर लोकांना सांगत, सून कंपाउंडर आहे. ते निदान समजायचं.

मला तिथे नेमलं डॉक्टर गुणवंत तिडके यांनी. सरांचा एक ध्यास होता. तरुणपणी मेळघाटाकडच्या एका खेड्यात असताना त्यांच्याकडे एक ओली बाळंतीण आली होती, धनुर्वाताने कमानीसारखी वाकलेली. हाताशी असलेलं एक जुनं, स्वस्त इंजेक्शन त्यांनी तिला दिलं, आणि ती वाचली. तेव्हापासून धनुर्वाताच्या प्रत्येक रुग्णाला नेहमीच्या उपचारांबरोबर ते हे इंजेक्शन देत आले. मुलाखतीत त्यांनी ही हकीकत मलाही सांगितली. "मी सुई दिली आणि ती उठून बसली," ते म्हणाले. "बोला."

"सर, न देताही काही जणी उठून बसतात."

मी हे बोलले आणि नोकरी गेली असं समजून पिशवी उचलली. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "पहिल्या तारखेपासून या."

अशी आमची चाचणी सुरू झाली. धनुर्वाताच्या रुग्णाला नेहमीचे सगळे उपचार मिळत. त्यांच्या जोडीला अर्ध्या जणांना सरांचं इंजेक्शन आणि अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बाटलीतलं नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळणार, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं आधीच ठरलेलं. बाटलीवर फक्त एक आकडा. त्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांना, नर्सला, नातेवाइकांना, कोणालाही माहीत नसे. मला माहीत असे. दर सहा महिन्यांनी मी दोन्हीकडचे किती वाचले, किती गेले याची मोजणी करायची आणि पुण्या-मुंबईच्या तीन बुजुर्ग प्राध्यापकांना बंद पाकिटात पाठवायची. त्यांनी थांबवा म्हटलं तर थांबायचं, नाहीतर चालू ठेवायचं. तोपर्यंत मी गप्प.

हे गप्प राहणं हाच माझ्या धंद्याचा अर्धा भाग. मधले आकडे बेभरवशाचे असतात, आज इकडे झुकतात, उद्या तिकडे. पण ते फुटले की डॉक्टरचा हात बदलतो. चांगलं चाललंय असं कळलं तर तो सगळ्यांनाच ते देऊ पाहतो, वाईट कळलं तर कोणालाच देत नाही. प्रश्न तसाच लोंबकळत राहतो, आणि मग पुढची पन्नास वर्षं कोणी सुई टोचतं, कोणी नाही टोचत, ज्याची त्याची श्रद्धा. सर दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे हा प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

आता शिऱ्याचं. पहिली मोजणी संपली त्या दिवशी डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून मी शिरा करून नेला. दुसरं कारण नव्हतं. पण वॉर्डात लगेच झालं, 'बाईंनी गोड आणलं, औषध चाललं!' मी ऐकलं आणि हादरले. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या मोजणीलाही शिरा नेला, तिसऱ्यालाही. निकाल कसाही असो, शिरा ठरलेला. केळं घातलेला, साजूक तुपातला. मला वाटलं, आता या शिऱ्याला काही अर्थ उरला नाही.

आणि चौथ्या मोजणीला रव्यात अळ्या झाल्या.

दुपारी चारच्या चहाला सर नेहमीसारखे माझ्या खोलीत आले. आमचं भांडण रोजचं होतं. चहावाला नारायण कप ठेवताना विचारायचा, "आज कोन जिकून राहिलं?" सर म्हणायचे, "बाई, तुमच्या आकड्यांना नाडी असते का?" मी म्हणायचे, "नसते म्हणून तर ते घाबरत नाहीत, सर." चाचणीत दोन वर्षांखालची मुलं घ्यायची की नाही यावर आम्ही एक अख्खा उन्हाळा भांडलो होतो. शेवटी मुलं घेतली नाहीत. सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण चहाला मात्र रोज आले.

त्या दिवशी त्यांनी एक कागद पुढे सरकवला. निकाल लागल्यावर लिहायच्या लेखाला त्यांनी नाव सुचवलं होतं: 'धनुर्वातावर एक स्वस्त आणि प्रभावी उपाय'.

"कसं वाटतं?"

"चांगलं आहे, सर," मी म्हटलं.

सरांनी चहा संपवला, कागदाची घडी घातली आणि ते गेले.

पुढच्या पंधरवड्यात माझ्याकडे एकाही नव्या रुग्णाचा कागद आला नाही. आधी मला वाटलं, बरं आहे, धनुर्वात कमी झाला. मग औषधांच्या फ्रिजमध्ये पाहिलं, तर बाटल्या होत्या तशाच रांगेत उभ्या. मी वॉर्डात गेले.

धनुर्वाताचा वॉर्ड ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते: तिथे अंधार असतो. उजेडाची तिरीप, भांड्याचा आवाज, एवढ्याने रुग्णाला झटका येतो. म्हणून खिडक्यांना काळे पडदे, दाराच्या कडांना कापडाच्या पट्ट्या, आणि सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. तीन खाटांवर तीन रुग्ण होते. तिघेही नवे.

"हे चाचणीत का नाहीत?" मी कुजबुजले.

"नातेवाईक तयार झाले नाहीत," खेडकर कुजबुजले.

"तिघांचेही?"

"हो ना."

"खोटं नका बोलू जी डॉक्टर," सिस्टर रूथ कुजबुजली. "यायनं विचारलंच नाही कोणाले."

"सिस्टर!" खेडकर ओरडले, म्हणजे त्या वॉर्डात ओरडता येतं तेवढं.

मी दोघांना व्हरांड्यात आणलं. दार लावून घेतलं आणि मोठ्याने म्हटलं, "का विचारलं नाही?"

खेडकर तरुण होते, चांगले होते. हात धुताना रुग्णाशी बोलणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत; ते बोलत. "मॅडम," ते म्हणाले, "त्या पोरीला बघितलं ना तुम्ही, कोपऱ्यातल्या? विळा लागला पायाला. तिच्या बापाला मी कसं विचारू, की हे इंजेक्शन देऊ का, जे मला ठाऊक आहे की चालत नाही?"

"तुम्हाला कसं ठाऊक आहे?"

त्यांनी सिस्टर रूथकडे पाहिलं.

"ताई," सिस्टर रूथ म्हणाली, "तुम्हीच तर शिरा नाही आणला."

मी हसले. मग लक्षात आलं की त्या दोघांपैकी कोणी हसत नाही.

"अहो, रव्यात अळ्या झाल्या होत्या!"

"हो जी, समजलं," खेडकर म्हणाले. "तुम्हाला तसंच म्हणावं लागणार."

"अहो, खरंच झाल्या होत्या. मी कोंबड्यांना घातला तो रवा."

"तुमची अडचण समजते आम्हाला, मॅडम."

 काय सांगणार होते? निकाल वाईट नाही, असं म्हटलं तर तोही निकालच. शिऱ्याचा आणि निकालाचा संबंध नाही म्हटलं, तर ते मी गेली दीड वर्षं शिरा नेऊन नेऊन सांगतच होते. दुसऱ्या दिवशी शिरा करून आणला असता तर म्हणाले असते, बाई सारवासारव करून राहिल्या. जे काही करावं त्याला अर्थ चिकटत होता. आणि इकडे चाचणी मरत होती, दोडक्याच्या भाजीने.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सर हसता हसता खोकू लागले. डोळे पुसून म्हणाले, "अळ्या! वीस वर्षं मी या सुईसाठी घासून राहिलो आणि अळ्यांनी खाल्ली!" मग त्यांचं हसणं थांबलं. "किती रुग्ण सुटले असे?"

"खेडकरांनी सोडलेले पाच तरी असतील."

"बाई, मला फक्त एकच—"

"नाही, सर."

"मी विचारलंच नाही अजून."

"तरी नाही."

सर खुर्चीत मागे रेलले. टेबलावर त्यांनी लेखाच्या नावाचा तो कागद काचेखाली ठेवला होता. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग यातून वाट काढा. तुमच्या गणितात असेल ना काही."

वाट होती, आणि ती आम्ही रोजच वापरत होतो. कोणत्या रुग्णाला कोणती बाटली हे आम्ही माणसाच्या मर्जीवर सोडलं नव्हतं. नेमकं ह्याचसाठी, की मर्जीला अर्थ असतो आणि चिठ्ठीला नसतो. मग शिरा तरी माझ्या मर्जीवर का?

शनिवारी दुपारी, ड्युट्या बदलायच्या वेळी, मी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. सर, खेडकर, सिस्टर रूथ, वॉर्डाच्या आया, चहाच्या किटलीसकट नारायण. मी सिस्टर रूथच्या हातात चार आणे ठेवले.

"यापुढे मोजणी सुरू व्हायच्या आधी सिस्टर हे नाणं उडवतील. छापा पडला तर त्या मोजणीला शिरा. काटा पडला तर नाही. निकाल लागायच्या आधीच शिरा ठरलेला असेल. मला त्यात बोलता येणार नाही."

"शिऱ्यावर नाणेफेक!" नारायण म्हणाला.

"आणि रव्यात अळ्या झाल्या तर?" खेडकरांनी विचारलं.

"तर सिस्टर रवा देतील."

"मी काहून देऊ बाप्पा?" सिस्टर रूथ म्हणाली. "तूप तुमचं, केळं तुमचं, रवाच काहून माझा?"

"बरं, रवा माझा," सर म्हणाले. "दवाखान्याच्या खर्चात टाकतो. संशोधनाचं साहित्य."

सगळे हसले. खेडकर हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले. "आणि मॅडम, तुमचा चेहरा? त्याला नाणं कसं लावणार?"

"तो रोजच असा असतो."

ते पहिल्यांदा हसले. सिस्टर रूथने पदराची झोळी धरली, म्हणजे आत वॉर्डात आवाज जाऊ नये, आणि सवय म्हणून एकदा नाणं उडवून पाहिलं. काटा पडला. "झालं," ती म्हणाली, "आता सहा महिने उपास." "ही धरायची नाही," मी म्हटलं, "मोजणी अजून लांब आहे." त्यावर खेडकर म्हणाले, "नाणं आवडलं नाही की जी बाई ते पुन्हा उडवायला लावते, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" मग ती धरली.

सोमवारी एका रुग्णाचा कागद आला. बुधवारी दोन.

सर स्वतःही वॉर्डात जास्त येऊ लागले. रुग्णाच्या माणसांना ते स्वतः समजावून सांगत. पूर्वी ते म्हणत, "मला तर वाटतं उपयोग होतो, पण ते सिद्ध करायचं आहे." मी त्यावरून त्यांच्याशी कितीदा भांडले होते, की सर, 'मला वाटतं' म्हणू नका, डॉक्टरचं 'वाटणं' खेड्यातल्या माणसाला देवाचं वाटतं. आता मी दाराआडून ऐकलं, ते एका म्हाताऱ्याला खालच्या आवाजात सांगत होते, "बाबा, याने फायदा होतो की नाही, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. ते पाहायलाच हे चाललंय. नको असेल तर नको म्हणा, बाकीचं औषधपाणी तेच राहील." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी सर माझं एक तरी वाक्य शिकले.

चहा रोज चालू होता. सर बोलत, मी ऐकत असे. मोजण्या होत गेल्या. एकदा छापा पडला आणि शिरा झाला, एकदा काटा पडला आणि सगळ्यांनी सिस्टर रूथला शिव्या घातल्या. शिऱ्यावरून निकाल ओळखायचा नाद सुटला. खेडकर सांगायचे, की आता सगळे माझ्या साडीच्या रंगावर आहेत, पण ते गमतीने.

सरांच्या निवृत्तीच्या महिन्यात चाचणी पूर्ण झाली. शेवटच्या मोजणीला छापा पडला होता. मी मोठं पातेलं भरून शिरा नेला. पुण्याचे बुजुर्ग प्राध्यापक आले होते. सभागृह म्हणजे आमची जेवायचीच खोली; तिथे ते उभे राहिले, चष्मा लावला आणि पाकीट फोडलं. दोन्हीकडचे वाचलेले आणि गेलेले त्यांनी वाचून दाखवले. मग म्हणाले, "फरक नाही. इंजेक्शनने अपाय होत नाही, उपयोगही होत नाही."

 मी सरांकडे पाहू शकले नाही. मी पातेल्याकडे पाहत होते.

सर उठले. पातेल्याजवळ आले, बशीत शिरा वाढून घेतला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. "चांगला झालाय," ते म्हणाले. "घ्या सगळ्यांनी. संशोधनाच्या साहित्याचा आहे." मग खेडकरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्यापासून बंद करा ती सुई. त्या पैशात पट्ट्या आणा, पडद्यांचं कापड आणा."

संध्याकाळी मी बस धरायला निघाले तेव्हा सर फाटकापर्यंत आले. रस्त्यावर बस दिसत नव्हती. आम्ही दोघं उभे राहिलो.

"सर," मी म्हटलं, "मला सांगता आलं नसतं."

"ते नका सांगू," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच. दोन वर्षं झाली."

"शिऱ्यावरून?"

"शिऱ्यावरून कशाला! शिऱ्यात काय होतं? अळ्या." ते हसले. "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला लेखाचं नाव दाखवलं. 'स्वस्त आणि प्रभावी'. निकाल लागायच्या आधी 'प्रभावी'! एरवी तुम्ही माझं डोकं खाल्लं असतं. तुम्ही म्हणालात, 'चांगलं आहे, सर.'"



"त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी एकदाही भांडल्या नाहीत. मी मुद्दाम काय काय बोललो! म्हटलं, दोन वर्षांखालची मुलं घ्यायला पाहिजे होती. तुम्ही म्हणालात, 'असेल, सर.' नारायणसुद्धा मला विचारायचा, बाईचं काही दुखून राहिलं का?"

सिस्टर रूथच्या हातात नाणं दिलं, तेव्हा मला वाटलं होतं की सगळी छिद्रं बुजवली. आणि रव्याचंही खरं सांगायचं तर अळ्या झाल्या होत्याच. पण एरवी मी शेजारच्या उमाळेबाईंकडून दोन वाट्या रवा मागून आणला असता. त्या सकाळी नाही आणला.

"मग तुम्ही थांबला का नाहीत, सर?" मी विचारलं. "तुम्ही स्वतः बाटल्या नेत होता. लोकांना समजावत होता."

"थांबणार कशावरून? एक बाई भांडत नाही, यावरून? ती काय मोजणी झाली?" त्यांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणता ना, मधले आकडे झुकतात. मला वाटायचं, झुकतील. रोज वाटायचं. पण लोकांना 'मला वाटतं' म्हणायचं बंद केलं. ते आता खरं राहिलं नव्हतं."

बस अजून येत नव्हती. समोरच्या टपरीवर नारायणचा भाऊ किटली विसळत होता. सरांनी त्याला दोन बोटं दाखवून चहा सांगितला.

चहा आला. सरांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिले. वाट पाहत राहिले, असं मला वाटलं.

"ते नाव बदलावं लागेल," मी म्हटलं.

"कोणतं?"

"लेखाचं. 'प्रभावी' तर जाईलच. पण 'उपाय'ही नको. जो उपाय नाही त्याला उपाय म्हणायचं नाही."

"काहून? स्वस्त तर होताच ना!"

"स्वस्त असून काय उपयोग? आणि दोन वर्षांखालची मुलं आपण घेतली नाहीत ते बरोबरच केलं. मागे मी 'असेल' म्हटलं, ते मागे घेते."

"मागे घेता? दोन वर्षांनी? हे कुठल्या गणितात बसतं?"

"माझ्या."

"तुमच्या गणिताला ना, बाई, नाडी नाही!"

"नसूच दे, सर."

बस आली, फाटकापाशी थांबली, कंडक्टरने घंटी मारली. मी तिला जाऊ दिलं. पुढची तासाने होती.